रविवारी कुठे नेऊ, ताई?

शिवडी स्टेशनच्या पूर्वेला, गोदामांच्या ओळींना लागून असलेल्या वस्तीत आमची बालवाडी आहे. एक खोली, बाहेर पत्र्याची पडवी आणि तीन ते साडेपाच वर्षांची मुलं. गाणी, गोष्टी, अंक, हात धुणं, डबा सांडू न देता खाणं हे माझं नेमलेलं काम. त्याच्या जोडीला आणखी एक काम हळूहळू माझ्याकडे येत गेलं आणि आता मी तेही तितकंच मनापासून करते. शनिवारी मुलांना न्यायला आलेल्या आया दारात रेंगाळतात आणि विचारतात, "ताई, उद्या सुट्टी आहे. ह्याला कुठे नेऊ?" लगेच आवाज खाली येतो, "फार खर्च नको व्हायला."

विचारणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बाया असतात, गोदामात माल चढवणारे-उतरवणारे असतात, रात्रपाळीचे वॉचमन असतात, घरी बसून कपड्यांना हुक-बटणं लावणाऱ्या असतात. आठवड्यातला एक दिवस त्यांच्या वाट्याला येतो, तोही पुष्कळदा अर्धाच. त्यातच धुणं असतं, पाणी भरणं असतं, गावी फोन करायचा असतो. एवढ्यातून वेळ काढून पोराला शहर दाखवावं असं ज्याला वाटतं, त्याला "न्या की कुठल्यातरी बागेत" असं उडतं उत्तर मी देऊ शकत नाही. मी विचारते, किती पैसे बाजूला ठेवलेत? किती वाजता मोकळे होता? बरोबर कोण? कडेवर तान्हं आहे का? हा दुपारी झोपतो का? मग कागद घेऊन बसते.

मुलं काय बघतात हे मला कळलं ते सोमवारच्या गप्पांतून. आमच्याकडे सोमवारी पहिला अर्धा तास गप्पांचा असतो. ज्याला सांगायचं असेल त्याने रविवारचं सांगायचं. पेंग्विन बघून आलेला मुलगा सांगतो की आत खूप थंडी होती आणि आईने मला पदरात घेतलं. गेटवेला जाऊन आलेली मुलगी सांगते की गाडीत एका आजीच्या पाटीत जिवंत खेकडे होते आणि त्यांचे पाय दोऱ्याने बांधलेले होते. कुणाच्या बाबांनी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून दाखवला, कुणी खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून ओरडा खाल्ला, कुणाला गाडी शेजारच्या गाडीच्या बरोबरीने धावताना दिसली आणि त्या गाडीतल्या मुलाने जीभ दाखवली. ज्या ठिकाणासाठी आईबापांनी पैसे मोजले, त्याचं नाव कित्येकदा येतही नाही.

तेव्हापासून मी मानते की साडेचार वर्षांच्या मुलाची सहल घराची पायरी उतरताच सुरू होते. मोठ्या माणसाला ती तिकीटखिडकीनंतर सुरू होते असं वाटतं, म्हणून तो वाटभर मुलाला हाताला धरून ओढत नेतो. रडणं, चापट, "परत कधी आणणार नाही" हे सगळं त्या ओढाताणीत होतं. खर्चही तिथेच वाढतो. उशीर झाला म्हणून टॅक्सी, रडायला लागला म्हणून फुगा, गप्प बसावा म्हणून वेफर्स, भूक अनावर झाली म्हणून दिसेल त्या गाडीवरचं काहीही. हिशेब मांडून बघा, प्रवेशाच्या तिकिटापेक्षा घाईने जास्त पैसे खाल्लेले असतात. म्हणून माझ्या कागदावर पहिली ओळ वाटेची असते आणि ठिकाण एकच असतं. दोन ठिकाणं लिहून द्या म्हणून आग्रह करणाऱ्यांनाही मी दुसरं लिहून देत नाही.

राणीच्या बागेचं उदाहरण देते, कारण सगळ्यात जास्त मागणी तिचीच. आमच्याकडून भायखळ्याला बसने जाता येतं. पण मी हार्बरची गाडी सांगते. शिवडीला बसायचं, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड आणि मग सँडहर्स्ट रोड. तिथे उतरायचं. हे स्टेशन मुलांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे हे रोज जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. हार्बरचे फलाट वर, मुख्य मार्गाचे फलाट खाली. स्टेशनाच्या डोक्यावर स्टेशन! आपण ज्या गाडीतून उतरलो ती वरून धडधडत जाते आणि आपण खाली दुसऱ्या गाडीची वाट बघतो. आमच्या वर्गात ठोकळ्यांनी गाडी करणारी मुलं या सहलीनंतर दोन मजल्यांची स्टेशनं बांधायला लागतात. मी आयांना सांगते की इथे पहिली गाडी सोडा. वरून एक गाडी जाऊ द्या, पोराला मान वर करून बघू द्या, मगच पुढे निघा. जमलं तर हेही सांगा की देशातली पहिली विजेवर चालणारी लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला अशी आपल्याच हार्बर मार्गावर धावली. मुलाला शंभर वर्षं म्हणजे काय ते कळत नाही, पण "आपली गाडी सगळ्यात पहिली" हे अगदी नीट कळतं.

खालून धीमी गाडी घेतली की पुढचंच स्टेशन भायखळा. दुसऱ्या वर्गाचं मोठ्या माणसाचं कमीत कमी तिकीट ५ रुपये, एवढ्या अंतराला तेच पुरतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. परतीचं तिकीट एकदमच काढायचं, म्हणजे येताना थकलेलं मूल घेऊन रांगेत उभं राहावं लागत नाही. पूर्वेला उतरून बाग चालत गाठता येते. मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये. आईबाबा आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर मिळून १०० रुपये, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते वेगवेगळी तिकिटं काढून बसतात. एक आई आणि एक मूल असेल तर जाऊन-येऊन गाडीचे १० आणि बागेचे ७५, असे ८५ रुपये होतात. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. ज्यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी असते त्यांचं मी अभिनंदन करते, कारण रविवारी तिथे पेंग्विनच्या रांगेतच सकाळ जाते.

पेंग्विन बघू नका असं मी कधीच म्हणत नाही. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन आणले, तेव्हापासून मुलांना त्यांचं वेड आहे आणि ते रास्तच आहे. पण आधी रांग केवढी आहे ते बघा. अर्ध्या तासाच्या वर उभं राहावं लागणार असेल तर झाडांकडे वळा. १८६२ पासूनची ही बाग आहे, झाडं वाढायला तिला वेळ मिळाला आहे. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला न येता बुंध्यालाच लगडतात, म्हणजे मुलाला कडेवर न घेताही दिसतात. फळं तोफेच्या गोळ्यांएवढी, म्हणून झाडाखाली मात्र रेंगाळू द्यायचं नाही. गोरखचिंचेच्या बुंध्याला किती मुलांचे हात जोडून वेढा पडेल याचा खेळ होतो.

आणि दगडी हत्ती. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभा आहे. आमच्या बालवाडीतल्या काही आया आणि मुलं मिळून एकदा गेलो होतो. त्यातल्या एका मुलीची आई घरी शिवणाचं काम करते. ती मुलगी हत्तीसमोर उभी राहिली, त्याच्या अंगावरच्या सांध्यांच्या रेघा तिने लांबूनच बोटाने हवेत गिरवल्या, आणि आईला म्हणाली, "ह्याला टाके घातलेत. कुठे फाटला होता?" आई माझ्याकडे बघायला लागली. मग मी सांगितलं. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज त्याला उचलून विलायतेला न्यायला निघाले, तर उचलतानाच तो खाली पडून फुटला. ते तुकडे इथे आले आणि १९१४ साली जोडून पुन्हा उभे केले. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुखलं असेल ना?" मग तिथून हलायला तयार होईना. बरोबरच्या बाया पिंजऱ्यांकडे निघाल्या होत्या. तिची आई मात्र शेजारी बसली. शिवणाऱ्या बाईच्या नजरेने तिनेही सांधे बघितले आणि कुठला तुकडा नंतर बसवला असेल ते दोघी मिळून शोधायला लागल्या. मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल प्रशिक्षणात शिकले. कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली हे तेव्हा परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, हे त्या मायलेकींकडे बघताना मला समोर दिसलं.

मुलाच्या वेळा पाळल्या तर सहल स्वस्त होते. साडेआठ-नऊला निघायचं, एकच्या आत घरी. बारानंतर ऊन असतं आणि झोपही त्याच सुमाराला येते. चार वर्षांचं मूल वीस-पंचवीस मिनिटं आनंदाने चालतं, मग दहा मिनिटं बसतं. हे बसणं आधीच धरून चालायचं. पायात रोजचीच चप्पल किंवा बूट. सहलीसाठी नवे बूट घेऊन गेलेल्या मुलाला परतताना बाबांच्या खांद्यावरून यावं लागतं. कापडी पिशवीत पाण्याची बाटली, एक जुना टॉवेल, चड्डीचा एक जादा जोड, गूळ-तूप लावून गुंडाळलेली चपाती, दोन केळी, उकडलेला बटाटा मीठ लावून. खाणं भूक लागायच्या आधी द्यायचं. मुलाच्या खिशात आईचा किंवा बाबांचा फोननंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि शक्य तर मनगटावर पेनाने तोच नंबर. गर्दीच्या ठिकाणी मी हे केल्याशिवाय निघू देत नाही.

हौसेच्या खर्चाबद्दल माझं ठाम मत आहे की तो असावा. "काही मागायचं नाही" अशी तंबी देऊन नेलेलं मूल सगळा वेळ फुगेवाल्याकडेच बघत राहतं. घरून निघतानाच त्याच्या मुठीत दहा किंवा वीस रुपये द्यावेत आणि सांगावं, हे तुझे, यात येईल ते तू घे. एका मुलाने दहाचं नाणं सबंध सकाळ मुठीत धरून ठेवलं होतं. घामाने तळहात ओला झाला, नाणं दोनदा खाली पडलं, दोनदा शोधलं. चार गाड्या बघून झाल्यावर त्याने काकडीवाल्याकडे जाऊन स्वतः सांगितलं, "तिखट कमी." उभी चिरून तिखट-मीठ लावलेली काकडी त्याने आईला, मला आणि मग स्वतःला अशी वाटून दिली. चैनीचा तेवढाच खर्च, पण विकत घेणारा माणूस तो होता.

शूची सोय हा माझ्या कागदावरचा दुसरा मुद्दा असतो, आणि मी तो दोघांसाठी लिहिते, मुलासाठी आणि आईसाठी. पोराला आडोशाला उभं करता येतं, आईचं काय? मी बघितलंय, बाया सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. घोटभर पिऊन बाटली मुलाकडे देतात आणि दुपारी डोकं धरून बसतात. मुंबईत बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून संस्था-संघटनांनी २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालवली ती उगाच नाही. म्हणून मी वाटेतल्या जागा लिहून देते: निघताना घरी, मग बागेत पोचल्या पोचल्या, मग निघायच्या आधी. गरज लागली नाही तरी जायचं. आणि आईने पाणी प्यायचं. हे शेवटचं वाक्य मी अधोरेखित करते.

बाबा एकटे मुलीला घेऊन जाणार असतील तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. रात्रपाळी करणारे एक बाबा कित्येक आठवडे मुलीला फक्त बालवाडीच्या दारापर्यंत सोडायचे. एकदा सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, मी एकटा नेली आणि तिला शूला लागली तर मी कुठे नेऊ?" पुरुषांच्या बाजूला न्यायची लाज, बायकांच्या बाजूला जाता येत नाही, म्हणून तो माणूस लेकीला घेऊन कुठे जातच नव्हता. मी त्यांना सांगितलं की लांब जायचंच नाही. डॉकयार्ड रोडला उतरा, स्टेशनालगत टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. महापालिकेची बाग, तिकीट नाही. घरापासून गाडीने काही मिनिटांवर, म्हणजे वेळ आलीच तर घरी परतता येतं. दारावर किंवा बागेत काम करणाऱ्या मावशी असतात, त्यांना मोकळेपणाने विनंती करा, त्या मुलीला आत नेऊन आणतात.

ही बाग मला फार आवडते आणि तिच्याबद्दल पुरेसं कुणी बोलत नाही. भंडारवाड्याच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर ती आहे. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली हार्बरची गाडी वळण घेत जाताना दिसते आणि पलीकडे माझगाव गोदीच्या उंच क्रेन. तिथे नौदलाची जहाजं बांधतात. क्रेनचा हात सावकाश फिरतो, थांबतो, काहीतरी खाली सोडतो. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना या सावकाश हालचालीचं काय आकर्षण असतं कोण जाणे, पण ती टक लावून बघत बसतात. ते बाबा पूर्वी गोदीत काम करून आले होते. लेकीला त्यांनी क्रेन कशी चालते, वर बसलेल्या माणसाला खालचा माणूस हाताने खुणा कशा करतो, ते करून दाखवलं. नंतर आमच्या पडवीत त्या मुलीने सगळ्यांना रांगेत उभं करून खुणा शिकवल्या. हात वर म्हणजे उचल, मूठ म्हणजे थांब. बाप काय काम करायचा हे त्या घरात मुलांना पहिल्यांदा असं कळलं होतं. ज्यांच्या नावाची बाग आहे ते काका बाप्टिस्टा लोकमान्यांचे सहकारी, नंतर मुंबईचे महापौर. जुन्या नावाने बाग विचारली तर कुणी सांगत नाही, म्हणून हेच नाव मी ठळक लिहून देते.

समुद्रासाठी मात्र आधी कालनिर्णय बघावं लागतं. हे मला एका मुलाच्या कोळी आजीने शिकवलं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण ढोबळ आखणीला पुरतं. पक्की वेळ वर्तमानपत्रात किंवा फोनवर ताडून बघायची. या हिशेबाने चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. त्रयोदशी-चतुर्दशीला ओहोटी दुपारी चार ते पाचच्या दरम्यान. मुलाला घेऊन जायला या वेळा उत्तम, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी मागेही लांबवर जातं.

सीएसएमटीला उतरून बसने गिरगाव चौपाटी. साध्या बसचं कमीत कमी भाडं मे २०२५ पासून १० रुपये झालंय, त्याआधी पाच होतं. ही वाढ आमच्याकडच्या घरांना जाणवली, कित्येकांनी त्यापायी सहलीच पुढे ढकलल्या. ओहोटीला ओल्या वाळूवर गेलं की बारीक मण्यांसारख्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते, मधे एक छोटं बीळ आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या रेघा. त्या वाळूतलं अन्न खाऊन खेकडा उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. खेकडा नखाएवढा. पावलाचा आवाज लागला की आत. मुलांना सांगायचं, दोघांनी हलायचं नाही, बोलायचं नाही. घरात एक मिनिट गप्प न बसणारी पोरं तिथे दम धरून बसतात. मग एक बाहेर येतो, मग दुसरा, आणि बघता बघता सगळी वाळू हलायला लागते. एका मुलाच्या आईने मला सांगितलं, "ताई, मी इथे लग्न होऊन आल्यापासून चौपाटीवर येतेय, हे कधी बघितलंच नव्हतं." पावसाळ्यात मात्र पाण्याच्या जवळ न्यायचं नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात डंख करणारे निळे जेलीफिश वाळूवर येऊन पडतात आणि मुलांना ते फुग्यासारखे दिसतात.

शिवडीचे रोहित पक्षीही याच तिथीच्या हिशेबाने बघायचे. थंडी पडली की ते आमच्या खाडीवर येतात आणि उन्हाळ्यापर्यंत असतात. पाणी चढायला लागलं की चिखल कमी होत जातो, तसे ते किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर लांबवर नुसती गुलाबी रेघ. भरतीच्या दोन-तीन तास आधी गेलात तर माना खाली घालून चिखल चाळताना दिसतात. आमच्या मुलांना तिथे जायला एक पैसा लागत नाही. तरीही वस्तीतली कित्येक मुलं घराजवळच्या या खाडीवर कधी गेलेली नसतात, कारण जवळची जागा म्हणजे सहल असं कुणालाच वाटत नाही. मी तिथे न्यायला सांगते तेव्हा काही आया नाराज होतात. सुट्टीच्या दिवशी गाडीत बसून कुठेतरी गेल्याचं समाधान त्यांनाही हवं असतं, आणि ते मला पटतं. मग मी खाडी संध्याकाळवर टाकते आणि रविवार दुसरीकडे.

मॉलबद्दल मी स्पष्ट बोलते. तिथे आत जायला पैसे लागत नाहीत, थंडगार असतं, संडास स्वच्छ असतात, हे सगळं खरं. पण तिथली प्रत्येक वस्तू विकायला ठेवलेली असते आणि आईबापाला दर पावलाला "नको" म्हणावं लागतं. एका सकाळीत चाळीस वेळा "नको" ऐकलेलं मूल आणि चाळीस वेळा म्हणालेला बाप, दोघंही घरी येतात तेव्हा एकमेकांवर चिडलेले असतात. शेवटी वैतागून गेम झोनमध्ये जे कार्ड भरलं जातं त्यात राणीच्या बागेच्या चार फेऱ्या झाल्या असत्या.

रविवारच्या आखणीत मेगाब्लॉक विसरून चालत नाही. साधारण अकरा ते चार हे त्याचे तास, आणि हार्बरवर असला की आमच्याकडच्या माणसाची परतीची वाटच बंद. दोन दिवस आधी पेपरात वेळापत्रक येतं. मी ते कापून बालवाडीच्या दाराला चिकटवते. ब्लॉक असेल तर परतीच्या बसचा थांबा कागदावर लिहायचा आणि मोठ्यांच्या पाकिटात बसभाड्याचे पैसे वेगळे ठेवायचे, खर्चाच्या पैशात मिसळायचे नाहीत.

पावसाळ्यात बागा ओल्या, समुद्र नको, उन्हाची भीती नाही पण पोरं भिजली की आठवडाभर खोकणार. तेव्हा मी सीएसएमटीहून सुटणारी विजेवरची दुमजली बस सांगते. मुंबईत दुमजली बस १९३७ पासून आहे. जुन्या लाल डिझेल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या तेव्हा इथले कितीतरी आजोबा हळहळले होते. नव्या वातानुकूलित आहेत, कमीत कमी भाडं १२ रुपये. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली पाहिजे, त्यासाठी सुरुवातीच्या थांब्यावरच चढायचं आणि ती भरलेली असेल तर पुढची बस येईपर्यंत थांबायचं. समोरच्या मोठ्या काचेवर पाऊस आपटतो, झाडांच्या फांद्या नाकासमोरून जातात, छत्र्या वरून दिसतात. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरून पाच मिनिटं पाय मोकळे करायचे, आणि त्याच मार्गाने परत. येताना मात्र खालच्या मजल्यावर बसा असं मी बजावते, कारण तोवर मूल झोपलेलं असतं आणि त्याला खांद्यावर टाकून तो अरुंद जिना हलत्या गाडीत उतरणं अवघड जातं.